तीन युनिट

सोलोलाकीच्या चढावरच्या त्या घरात शिरताना
पायाखाली लादीत लॅटिन शब्द येतो: साल्वे.
या, म्हणतो तो. कुणालाही म्हणतो.
तिबिलिसीभरच्या टाचांनी घासून
पहिलं अक्षर गेलंय त्याचं,
तरी म्हणतोच.

मी तिथली मीटरं वाचायचो.
अवेतिक नावाच्या तंबाखूवाल्यानं
एकट्या आपल्या कुटुंबासाठी बांधलेलं घर.
मग राज्य बदललं, भिंतींना भिंती फुटल्या,
छतावर रंगवलेल्या देवदूताचं डोकं एका बिऱ्हाडात गेलं,
पंख शेजारच्या.
अकरा बिऱ्हाडं, बारा मीटरं.
बारावं दुसऱ्या मजल्यावरच्या कुलूपबंद खोलीचं.
दर महिन्याला तीन युनिट.

तळघरात पाव भाजणारा वाझा म्हणाला, नवरी आहे.
अवेतिकची धाकटी. लग्नाच्या आदल्या रात्री
जिन्यावरून पडली, की ढकलली
(इथं तो कणकेला नेहमी एक जादा थापटी मारायचा).
नव्वदीतल्या हिवाळ्यांत सगळं शहर काळोखात होतं,
तेव्हाही तिची खिडकी पिवळी होती म्हणे.

पहिल्या मजल्यावरच्या दारिकोला नवरी साफ नामंजूर.
तिच्या मते घोडा.
शिपायांनी भुकेपोटी अंगणात कापलेला, पांढरा.
टापा तिनं लहानपणी स्वतः ऐकल्या होत्या,
पहाटे, जिन्यात.
मी म्हटलं, घोड्याला वीज कशाला लागते?
तिनं दार लावून घेतलं.

आणि गंमत अशी, की एकमेकांना चिमूटभर मीठ न देणारी ती माणसं
भुताचं बिल वाटून भरायची.
कुणी कुरकुरलं नाही.

किल्ली मला सिरानुशच्या जुडग्यात दिसली.
तिनं नाकारलं नाही. कॉफी टाकली.
म्हणाली, सदतीस साली इथं बिदझिना राहायचा. नकाशे काढायचा.
त्याला नेलं तेव्हा टेबलावरचा दिवा चालूच राहिला.
एलिको, त्याची बायको, मरेपर्यंत रोज लावायची.
शेवटी मला म्हणाली, एवढा दिवा सांभाळ,
त्याचा चष्मा इथंच राहिलाय,
त्याला जिना दिसायचा नाही.

वीज नव्हती तेव्हा?
तेव्हा मेणबत्ती.

चाळीसचा बल्ब, रोज अडीच तास.
मी मनातल्या मनात हिशेब केला. बरोबर तीन.

मग खाली सांगत का नाहीस?
ती कपातल्या गाळाकडे बघत राहिली.
नवरीसाठी पैसे देतात रे.
बिदझिनाचं नाव ज्यानं वर कळवलं
त्याची लेक आहे दारिको. पाच वर्षांची होती.
ऐकलं तिनं, ते खरंच.
चार माणसं होती, बूट घातलेली.
घोडा म्हणते, तर घोडा.

सिरानुश गेली त्या महिन्यात
बाराव्या मीटरचा आकडा हलला नाही.
मी पेन्सिल ओली केली आणि लिहिलं: तीन.
पुढच्या महिन्यातही. चार वर्षं.
नोकरीत केलेली ही एकच लबाडी,
आणि अकरा बिऱ्हाडांनी ती इमानानं भरली.

आता ते घर पुन्हा एकाच माणसाचं आहे.
बिऱ्हाडं पैसे घेऊन उपनगरांत पांगली,
देवदूताला त्याचे पंख जोडून मिळाले.
दलालानं जाहिरातीत नवरी घातली होती;
तिच्यामुळे भाव चढला, असं वाझा म्हणतो.
घोड्याला कुणी विचारलं नाही.
नवं मीटर स्वतःच स्वतःला वाचतं.

लादीतलं अक्षरही नव्यानं बसवलंय,
पण साल्वेपर्यंत पोचायला आधी फाटकाची बेल दाबावी लागते.
चष्मा माझ्याकडे आहे. सिरानुशनं दिला, एक काच तडकलेली.
रखवालदाराला मी माझा नंबर देऊन ठेवलाय.
सांगितलंय, रात्री कुणी
भिंत चाचपत चढावर आला,
तर हटकू नकोस.
फोन कर.
तो हसला. म्हणाला, म्हातारबुवा, भूतबीत बघितलंत की काय?